सॉलिड स्टेट ड्राइव्ह

वीजपुरवठा बंद झाल्यावरही माहिती टिकवून ठेवणारे, एकही फिरता किंवा सरकता भाग नसलेले संगणकीय संचयन उपकरण. संक्षेपाने एसएसडी. यात माहिती अर्धसंवाहक चिपांमधील फ्लॅश स्मृतीत विद्युत् भाराच्या रूपाने साठवतात. हार्ड डिस्कमध्ये ती फिरत्या तबकडीवरील चुंबकीय थरात असते. संगणकाला दोन्ही उपकरणे सारखीच भासतात. दोन्ही स्वतःला क्रमांक घातलेल्या कप्प्यांची एक सलग रांग म्हणून सादर करतात. हार्ड डिस्कच्या बाबतीत हे चित्र वस्तुस्थितीच्या बरेच जवळ असते. एसएसडीत ते सर्वस्वी कंट्रोलर या चिपने उभे केलेले असते, आणि एसएसडीचे बहुतेक गुणदोष तिथूनच येतात. म्हणून या नोंदीत कंट्रोलरच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

हार्ड डिस्क : आयबीएमने 1956 मध्ये रॅमॅक यंत्रणेसोबत पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात सुमारे 61 सेंमी. व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, त्यांवर मिळून सुमारे 50 लाख अक्षरे मावत आणि वजन सुमारे एक टन होते. आजही तत्त्व तेच आहे. तबकडी मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष तिला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगते. चालू डिस्कला बसलेला धक्का म्हणूनच घातक ठरतो. हवा विरळ झाली की शीर्षाला आधार पुरत नाही. हवेवर चालणाऱ्या बहुतेक डिस्कची हमी समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटरपर्यंतच असते. लेहसारख्या 3,500 मीटर उंचीवरच्या गावात ही मर्यादा ओलांडली जाते. हीलियम भरून सीलबंद केलेल्या डिस्क 2013 पासून मिळू लागल्या. ज्या महाकाय चुंबकीय रोधाच्या शोधामुळे डिस्कची क्षमता झपाट्याने वाढली, त्यासाठी आल्बेर फेर व पीटर ग्रूनबर्ग यांना 2007 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पूर्वपीठिका : फ्लॅश स्मृतीचा पाया असलेला तरंगता गेट असणारा ट्रान्झिस्टर दावोन कांग व सायमन झी यांनी बेल प्रयोगशाळेत 1967 मध्ये मांडला. इंटेलचे डोव्ह फ्रोमन यांनी 1971 मध्ये त्याच तत्त्वावर ईप्रॉम चिप तयार केली. ती पुसण्यासाठी जंबुपार किरण लागत. विजेनेच आणि एका झटक्यात मोठा भाग पुसता येईल अशी स्मृती तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी सिद्ध केली. तिचा नॉर हा प्रकार त्यांनी 1984 मध्ये, तर दाट रचनेचा नँड हा प्रकार 1987 मध्ये तज्ज्ञांपुढे मांडला. आजची एसएसडी नँडवरच चालते. नॉर चिप व्यापारी स्वरूपात 1988 मध्ये इंटेलने आणल्यामुळे श्रेयाच्या चर्चेत त्या कंपनीचेही नाव येते. मूळ कल्पना मात्र सामान्यतः मासुओकांची मानली जाते. 1994 मध्ये तोशिबा सोडून ते तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. शोधाच्या मोबदल्यासाठी त्यांनी 2004 मध्ये कंपनीवर दावा लावला आणि 2006 मध्ये 8 कोटी 70 लाख येनवर तडजोड झाली. ज्या स्मृतीवर आज जगभरचे मोबाइल, कॅमेरे व संगणक चालतात, तिच्या मानाने ही रक्कम अल्प होती.

फ्लॅशआधीही फिरत्या भागांविना चालणारे संचयक होते. पण ते रॅमवर आधारलेले आणि अतिशय महाग असत. सनडिस्क कंपनीने 1991 मध्ये आयबीएमसाठी 20 मेगाबाइटची फ्लॅश एसएसडी बनवली. ही कंपनी स्थापन करणाऱ्या तिघांपैकी संजय मेहरोत्रा यांचा जन्म कानपूरचा. पुढे ते मायक्रॉनचे प्रमुख झाले. सर्वसामान्य संगणकांत एसएसडी 2008 नंतर, इंटेलच्या 80 गीगाबाइटच्या एक्स25-एमसारख्या ड्राइव्हपासून रुजली.

सेल : नँडमधील प्रत्येक सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर. त्यातील तरंगत्या गेटभोवती सर्व बाजूंनी निरोधकाचा थर असतो. सुमारे 20 व्होल्ट दाब दिला की इलेक्ट्रॉन पुंजयामिकीय सुरंगनाने हा थर भेदून आत जातात आणि तिथेच अडकतात. अडकलेल्या भारामुळे ट्रान्झिस्टर सुरू होण्याचा दाब बदलतो. तो मोजणे हेच वाचन. 1 बिट साठवायला भाराच्या 2 पातळ्या पुरतात, हा एसएलसी प्रकार. एमएलसीमध्ये 2 बिटांसाठी 4, टीएलसीमध्ये 3 बिटांसाठी 8 आणि क्यूएलसीमध्ये 4 बिटांसाठी 16 पातळ्या ओळखाव्या लागतात. बिट वाढतात तशी साठवण स्वस्त होते, पण पातळ्यांमधले अंतर घटते, लेखन मंदावते आणि आयुष्य कमी होते.

सेल लहान करत नेण्याला मर्यादा आल्यावर त्या एकमेकींवर रचण्याचा मार्ग निघाला. सॅमसंगने 2013 मध्ये 24 थरांच्या चिपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. 2022 पर्यंत थरांची संख्या 200 च्या पुढे गेली. या उभ्या रचनेत बहुतेक उत्पादक तरंगत्या गेटऐवजी भार धरून ठेवणारा निरोधक थर वापरतात.

पुसण्याची अडचण : फ्लॅशचे वाचन व लेखन पेजने होते, पेज साधारण 4 ते 16 किलोबाइटचे असते. पुसणे मात्र शेकडो पेज असलेल्या ब्लॉकनेच करता येते. पाटीवरचे एकच अक्षर खोडता येऊ नये, पाटीच पुसावी लागावी, तशी ही अडचण आहे. लिहिलेल्या पेजवर पुन्हा लिहिता येत नाही. वाचायला काही दशक मायक्रोसेकंद, लिहायला शेकडो मायक्रोसेकंद आणि पुसायला काही मिलिसेकंद लागतात. शिवाय दर लेखन-पुसणीत निरोधक थर थोडा झिजतो. एसएलसी साधारण 50 हजार ते 1 लाख फेऱ्या सोसते, टीएलसी 1 ते 3 हजार, क्यूएलसी त्याहून कमी.

कंट्रोलर : एवढ्या उणिवा असलेल्या स्मृतीपासून भरवशाचे उपकरण घडवण्याचे काम कंट्रोलर करतो. फाइलमधला मजकूर बदलला की तो जुन्या जागी न लिहिता कोऱ्या पेजवर लिहिला जातो, जुने पेज रद्द ठरते आणि कोणत्या क्रमांकाचा मजकूर प्रत्यक्षात कुठे आहे याचा तक्ता सुधारला जातो. कोरे ब्लॉक कमी पडू लागले की कंट्रोलर एखाद्या ब्लॉकमधली अजून कामाची पेजेस दुसरीकडे हलवून तो ब्लॉक पुसतो. या हलवाहलवीमुळे संगणकाने सांगितले त्याहून अधिक लेखन चिपांवर होते. ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तर हे जादा लेखन वाढते आणि वेग घसरतो. म्हणून उत्पादक काही जागा राखून ठेवतात, आणि वापरणाऱ्यानेही थोडी मोकळी ठेवणे हिताचे असते. झीज सर्व ब्लॉकांत सारखी वाटणे, बिघडलेले ब्लॉक बाजूला काढणे आणि चुकलेले बिट दुरुस्त करणे हीही कंट्रोलरचीच कामे. दुरुस्तीसाठी एलडीपीसी हे संकेतन वापरतात. ते रॉबर्ट गॅलेजर यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी मांडले होते आणि कित्येक वर्षे उपयोगाविना पडून होते.

फाइल काढून टाकली तरी ते कंट्रोलरला आपोआप कळत नाही. ट्रिम या आज्ञेने कार्यप्रणाली त्याला निकामी पेजेस कळवते. विंडोजमध्ये ही सोय 2009 मध्ये, विंडोज 7 पासून आली.

वेग : 7,200 फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीस 8.33 मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण 8 ते 9 मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली माहिती सेकंदाला 80 च्या आसपास ठिकाणांहूनच वाचता येते. एसएसडीत हीच संख्या हजारोंत, आणि एकाच वेळी अनेक मागण्या आल्यास लाखोंत जाते. संगणक सुरू होताना असंख्य छोट्या फाइली वाचाव्या लागतात. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवल्यावर जाणवणारा फरक मुख्यतः यामुळेच असतो. सलग वाचनात अंतर इतके मोठे नसते : हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 150 ते 250 मेगाबाइट, साटा जोडणीची एसएसडी सुमारे 550 मेगाबाइट. साटा ही जोडणी हार्ड डिस्कच्या काळातली. फ्लॅशसाठी खास आखलेल्या एनव्हीएमई या संकेताची पहिली आवृत्ती 2011 मध्ये आली आणि वेग सेकंदाला अनेक गीगाबाइटवर गेला.

जाहिरातीतला लेखनवेग सर्व वेळ टिकत नाही. टीएलसी व क्यूएलसी ड्राइव्ह काही जागा तात्पुरती एसएलसीसारखी वापरतात. ती भरली की काही स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली येतो.

टिकाऊपणा : 1 टेराबाइटच्या काही एसएसडींना 5 वर्षे किंवा 600 टेराबाइट लेखन अशी हमी असते, म्हणजे रोज सुमारे 330 गीगाबाइट. घरगुती वा कार्यालयीन वापर सहसा याच्या जवळपासही जात नाही. कोणते उपकरण अधिक भरवशाचे, यावर एकमत नाही. गूगलच्या डेटा सेंटरमधील सहा वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या 2016 च्या अभ्यासात एसएसडी बदलण्याची वेळ हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा आली, पण दुरुस्त न होणाऱ्या चुका अधिक आढळल्या.

किंमत : प्रति टेराबाइट हार्ड डिस्क स्वस्त.

विल्हेवाट व जतन : चुंबक फिरवून एसएसडी पुसली जात नाही. फाइलवर दुसरा मजकूर लिहूनही जुनी प्रत चिपवर उरू शकते. ड्राइव्ह टाकून देण्यापूर्वी तिची स्वतःची सुरक्षित पुसणीची आज्ञा वापरावी. याउलट ट्रिम झालेली फाइल चुकून गेली असेल तर ती परत मिळण्याची शक्यता हार्ड डिस्कपेक्षा फार कमी असते.

सेलमधला भार वीज नसताना हळूहळू गळतो, आणि उष्णतेत अधिक लवकर गळतो. जेडेक मानकानुसार लेखनाची हमी पूर्ण वापरून झालेल्या वैयक्तिक एसएसडीने 30 अंश सेल्सिअसला वीज नसताना एक वर्ष, तर व्यावसायिक एसएसडीने 40 अंशांना तीन महिने माहिती टिकवली पाहिजे. नवी ड्राइव्ह याहून बराच काळ टिकते. तरी विदर्भातल्या उन्हाळ्यात 40 अंशांपलीकडे तापणाऱ्या खोलीत, कपाटात बंद एसएसडीवर हस्तलिखितांच्या वा छायाचित्रांच्या डिजिटल प्रतींची एकमेव प्रत ठेवणे धोक्याचे आहे. ग्रंथालयांनी व संस्थांनी अशा संग्रहासाठी हार्ड डिस्क किंवा चुंबकीय फीत वापरावी आणि किमान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.