नाउरूचा खड्डा कोणी खणला?

नाउरूविषयी वाचताना मला दोन तऱ्हेचे लेखक वारंवार भेटतात. पहिला म्हणतो, एवढा पैसा हाती आला आणि या लोकांनी तो विमानांत, इमारतींत, नाटकांत उडवला. राज्य चालवण्याची यांची लायकीच नव्हती. दुसरा आपल्या बाजूचा म्हणवतो. तो वसाहतवादाचा पाढा तोंडपाठ म्हणतो आणि १९६८ सालापाशी येऊन थांबतो. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत काय झाले हे सांगायला त्याची जीभ रेटत नाही, कारण आपण पहिल्याच्या हातात कोलीत देऊ अशी त्याला धास्ती असते. मला या दोघांशीही भांडण मांडायचे आहे. ‘लायकी’ हा शब्द ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घेतला, त्यांना पहिल्याला उत्तर देणे अवघड नाही. दुसऱ्याचे मौन अधिक घातक आहे, कारण ते आपल्या घरातले मौन आहे.

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेले हे बेट. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, वस्ती आज सुमारे बारा हजार. सकाळी चालायला निघालेला माणूस दिवस मावळण्याआधी बेटाला वळसा घालून परत येईल. किनाऱ्यालगत नारळीचा अरुंद पट्टा आणि मधला सारा उंचवटा फॉस्फेटचा. १८८८ साली जर्मनीने ते आपल्या नकाशात घातले. बेटावरच्या बारा कुळांना कोणी विचारले नाही. पुढे सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दाराला अडसर म्हणून ठेवलेला नाउरूचा एक दगड अल्बर्ट एलिस या तिथल्या नोकराच्या नजरेत भरला. तो दगड झालेले लाकूड आहे असा सर्वांचा समज होता. तपासणीत तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. साल १९००. सहा-सात वर्षांत खणती सुरू झाली. ज्याची जमीन खणली जाई त्या नाउरूवासीयाला सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी मिळे.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट जर्मनीकडून घेतले. १९१९ साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसात करार करून फॉस्फेटची वाटणी ठरवली: ४२ टक्के, ४२ टक्के आणि १६ टक्के. नाउरूवासीयांचा आकडा या वाटणीत नाही. त्यानंतर राष्ट्रसंघाने याच तिघांना बेटाचे पालक नेमले आणि मागासलेल्या लोकांचा सांभाळ ही सुधारलेल्या जगाची पवित्र जबाबदारी आहे असे जाहीर केले. पवित्र हा शब्द जिथे भेटेल तिथे मी आधी खिसा चाचपून पाहतो. इथेही तेच झाले. माल जागतिक भावाने विकलाच गेला नाही. उत्पादनखर्चाच्या आसपास तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला पुरवला गेला. त्या दोन देशांची हिरवी कुरणे आणि लोणी-लोकर यांच्या मुळाशी नाउरूची माती आहे, आणि तिचा खरा भाव कधी मांडलाच गेला नाही म्हणून लुटीचा आकडाही सहज मांडता येत नाही. लुटीचा हा प्रकार फार हुशारीचा आहे. चोरी नोंदवायची वहीच ठेवायची नाही.

पण खणले कोणी? हा प्रश्न दोन्ही प्रकारचे लेखक विचारत नाहीत. नाउरूवासीय खाणीत फारसा उतरला नाही. जर्मन काळात कॅरोलाइन बेटांवरून मजूर आणले, हाँगकाँगमार्गे चिनी आणले, पुढे गिल्बर्ट आणि एलिस बेटांवरून, म्हणजे आजच्या किरिबाटी आणि तुवालूतून आणले. माणूस पाठीवर उन्ह घेऊन प्रवाळाच्या सुळक्यांमधल्या फटींत उतरे आणि खोऱ्याने माती वर काढी. करार संपला की परत पाठवणी. त्यांची राहण्याची जागा वेगळी होती. डेनिगोमोडू भागातल्या त्या चाळवजा वस्तीला ‘लोकेशन’ एवढेच नाव. वस्तीला नाव न देता नुसते ‘जागा’ म्हणणे यात काय असते, ते या पानांच्या वाचकाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. १९४८ साली चिनी मजुरांचा उद्रेक झाला तेव्हा प्रशासनाने आणीबाणी पुकारली आणि पोलिसांच्या हातून मजूर मारले गेले. स्वतंत्र नाउरूने ही रचना मोडली नाही. गोरा साहेब गेला, लोकेशन राहिले. करारावरच्या मजुराला मत नव्हते, नागरिकत्व नव्हते, रॉयल्टीत वाटा तर नव्हताच.

नाउरूवासीयांनी भोगले ते मी कमी लेखत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले. १९४३ मध्ये कुष्ठरोगी नाउरूवासीयांना एका नावेत बसवून समुद्रात बुडवून मारले. सुमारे १२०० लोकांना ट्रुक बेटांवर वेठीसाठी नेले. त्यांतले ७३७ लोक ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले. युद्धानंतर पुन्हा तीच पालकत्रयी आली. १९६०च्या सुमारास ऑस्ट्रेलियाला वाटू लागले की खणती संपली की बेट राहण्यालायक उरणार नाही, तेव्हा या लोकांना क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर हलवावे. नाउरूच्या पुढाऱ्यांनी विचारले, तिथे आमचे राज्य असेल का? उत्तर आले, नाही. तुम्ही ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हाल. १९६४ साली नाउरूने हा प्रस्ताव धुडकावला. एवढ्याशा समाजाने सुखसोयींचे आमिष नाकारून स्वतःचे राज्य मागितले, ही घटना मला फार मोठी वाटते. चळवळीचे नेते हॅमर डीरॉबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. स्वातंत्र्यासाठी त्यांनी दिवस निवडला ३१ जानेवारी, ट्रुकहून परतीचा. १९६८ साली देश स्वतंत्र झाला. आणि आपल्याच जमिनीतला धंदा परत मिळवण्यासाठी त्याला २१ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. १९७० साली खाणी त्यांच्या ताब्यात आल्या.

इथून पुढचा भाग दुसरा लेखक गाळतो, म्हणून मी तो सावकाश सांगणार आहे.

सत्तरीच्या दशकात फॉस्फेटचा भाव चढला आणि दरडोई उत्पन्नात नाउरू जगातल्या वरच्या देशांत जाऊन बसला. औषधपाणी फुकट, शिक्षण फुकट, आयकर नाही. फॉस्फेट संपल्यावरच्या दिवसांसाठी विश्वस्त निधी उभारला. तो पुढे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला असे सांगतात. कल्पना शहाणपणाची होती. निधी कसा गुंतवला ते पाहा. मेलबर्नमध्ये १९७७ साली ५२ मजल्यांचे ‘नाउरू हाउस’ उभे राहिले. होनोलुलू, सायपान, ग्वाम येथे इमारती आणि हॉटेले. एअर नाउरू ही विमान कंपनी काढली आणि काही हजार वस्तीच्या देशाने जेट विमानांचा ताफा ठेवला. विमाने बहुधा रिकामी उडत, आणि सत्ताधाऱ्यांच्या लहरीप्रमाणे वेळापत्रक बदले. भारताशीही या पैशाचा संबंध आला. १९८१ साली ओरिसातील पारादीप फॉस्फेट्स ही खत कंपनी भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीत स्थापन झाली. १९९३ साली नाउरूचा हिस्सा भारत सरकारने घेतला. गुंतवणुकीच्या त्या यादीत खताचा हा कारखाना त्यातल्या त्यात अकलेचा होता असे माझे मत आहे. निदान धंदा ओळखीचा होता.

१९९३ हे साल नीट पाहण्यासारखे आहे. नाउरूने १९८९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला होता: स्वातंत्र्यापूर्वी खणून टाकलेली जमीन पूर्ववत करून द्या. त्या दाव्याचा पाया श्रीलंकेचे कायदेपंडित वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने घातला. हे वीरमंत्री पुढे त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले आणि या खटल्यातून बाजूला राहिले. सार्वजनिक सचोटी कशी दिसते याचा हा एक नमुना. १९९२ साली न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १०७ दशलक्ष डॉलर देण्याचे कबूल करून तडजोड केली. वसाहतीतल्या एका चिमुकल्या समाजाने मालकाला न्यायालयात उभे केले आणि पैसे वसूल केले. त्याच वर्षी, त्याच उन्हाळ्यात, लंडनच्या नाट्यगृहात लिओनार्दो दा विंचीच्या प्रेमकथेवर एक संगीतिका उभी राहिली. तिला पैसा नाउरूच्या तिजोरीचा आणि तीत हात नाउरूच्या आर्थिक सल्लागाराचा. नाउरूचे पुढारी पहिल्या प्रयोगाला विमानाने गेले. काही आठवड्यांत पडदा पडला. एका हाताने जमिनीची भरपाई मागायची आणि दुसऱ्या हाताने ती अशी उधळायची!

मी हे वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी हसतात. हसू देतो, आणि मग विचारतो: हिशेब कोणी मागायचा? अठरा सभासदांचे संसदगृह, पक्ष नावाला, नातीगोती भरपूर. नोव्हेंबर १९९६ ते फेब्रुवारी १९९७ या चार महिन्यांत राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत पाच माणसे बसून गेली. तत्त्वावरून एकही सरकार पडले नाही. आणि लोक कर भरत नव्हते. ही गोष्ट मला कळीची वाटते. ज्या सरकारला पैसा खड्ड्यातून मिळतो त्याला लोकांच्या खिशाची गरज नसते, आणि ज्याच्या खिशाला कात्री लागत नाही तो माणूस जमाखर्चाची वही मागायला जात नाही. रॉयल्टी येत होती तोवर पुढारी म्हणजे दाता होता. दात्याला जाब विचारत नाहीत, त्याचे गुण गातात. परदेशी सल्लागार, दलाल, बनावट रोख्यांचे भामटे नाउरूभोवती घोंगावले हे खरे. त्यांच्यावर सगळे खापर फोडणे मला मान्य नाही. दरवाजा आतून उघडला होता.

फॉस्फेट आटू लागल्यावर देशाने आपले सार्वभौमत्वच दुकानात मांडले. नव्वदीच्या दशकात नाउरूत सुमारे चारशे बँका नोंदल्या गेल्या, बहुतेक एकाच टपालपेटीच्या पत्त्यावर. एकट्या १९९८ साली रशियातून ७० अब्ज डॉलर या बँकांत गेले असे रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या उपाध्यक्षाने सांगितले. २००० साली काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नाउरूचे नाव काळ्या यादीत घातले. परक्यांच्या बँका अशा फोफावत असताना लोकांची स्वतःची बँक ऑफ नाउरू बुडाली. ठेवी अडकल्या, पगार थकले. २००४ साली कर्जदारांनी मालमत्ता ताब्यात घेतली, नाउरू हाउस विकले गेले. २००५ च्या अखेरीस उरलेले एकमेव विमानही जप्त झाले.

मग शेजाऱ्याने नवा धंदा देऊ केला. २००१ साली टॅम्पा जहाजाने समुद्रातून वाचवलेले चारशेंवर आश्रयार्थी, बहुतेक अफगाण, ऑस्ट्रेलियाने किनाऱ्याला लागू दिले नाहीत. नाउरूने त्यांना ठेवून घ्यायचे, बदल्यात २० दशलक्ष डॉलरची मदत. छावणी २००८ साली बंद झाली, २०१२ साली पुन्हा उघडली. ज्यांना ट्रुकला कोंडले होते त्यांच्या नातवंडांनी पोटासाठी दुसऱ्यांच्या कोंडवाड्याची राखण करावी! सत्तेची सवयही तशीच बनत गेली. जानेवारी २०१४ मध्ये सरकारने दंडाधिकाऱ्याला देशाबाहेर काढले, मुख्य न्यायाधीशाचा परवाना रद्द केला आणि परदेशी पत्रकाराच्या प्रवेश अर्जाचे शुल्क २०० वरून ८००० डॉलर केले. २०१५ साली संसदेसमोर निदर्शने झाली आणि निदर्शकांवर वर्षानुवर्षे खटले चालले. आयकर त्या देशात पहिल्यांदा आला तो २०१४ साली.

पहिल्या लेखकाला मी एवढेच विचारीन: राज्य चालवायला लायकी लागते, तर तीन सुधारलेल्या देशांनी पन्नास वर्षांत एका २१ चौरस किलोमीटरच्या बेटाची जी दशा केली ती कोणत्या लायकीत बसते? उधळपट्टी शिकवायला त्यांचीच माणसे सल्लागार म्हणून आली होती. दुसऱ्याला मात्र मी सोडणार नाही. गुलामी भोगलेल्या माणसाचा भ्रष्टाचार झाकला की त्याची किंमत मोजतो तो त्याच्याही खालचा माणूस. नाउरूत तो लोकेशनमध्ये राहत होता. फॉस्फेट महामंडळ बुडाले तेव्हा त्याची मजुरी थकली, आणि २००६ च्या सुमारास किरिबाटी-तुवालूचे शेकडो मजूर कुटुंबांसह बोटीने परत पाठवले गेले. संगीतिकेचा खर्च त्यांनाही भरावा लागला. ते कोणत्याच इतिहासाचे नायक नाहीत. वसाहतवादाच्या इतिहासात ते मजुरांचा आकडा आहेत आणि राष्ट्राच्या इतिहासात परके.

मधला उंचवटा आज तसाच पडला आहे. माती काढून नेल्यावर प्रवाळाचे करडे सुळके तेवढे उभे आहेत. १९९३ च्या भरपाईतून तो भरून यायचा होता. त्यातला फार थोडा सपाट झाला. समुद्र चढतो आहे, आणि किनाऱ्यावरची वस्ती वर हलवावी लागेल असे सरकार सांगते. वर म्हणजे त्याच सुळक्यांवर. या कामाला पैसा उभा करण्यासाठी २०२५ साली नाउरूने परदेशी श्रीमंतांना नागरिकत्व विकायला काढले. तेव्हा भाव ठरला होता एकट्या अर्जदाराला किमान १ लाख ५ हजार अमेरिकन डॉलर.