वाशिमचं बालाजी मंदिर नेमकं किती जुनं, आणि ते बांधणारे भवानी काळू होते तरी कोण?

कारंजा तालुक्यातल्या कामरगावपासून ते थेट रिसोडपर्यंत, वाशिम जिल्ह्यात नुसतं ‘बालाजी’ म्हटलं तरी वाशिम शहरातलं मंदिर डोळ्यांसमोर येतं. पण हे मंदिर किती जुनं, असं विचारलं की उत्तरं वेगवेगळी मिळतात. कुणी औरंगजेबाच्या आधीचं म्हणतं, कुणी पेशवाईतलं, तर कुणी थेट वाकाटकांपर्यंत जातं.

हा घोळ होतो, कारण शहर, मूर्ती आणि मंदिर या तीन गोष्टींचं वय आपण एकच धरतो.

शहर खरंच प्राचीन आहे. वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथे होती. पण आज आपण ज्या मंदिरात दर्शन घेतो, त्याचा वाकाटकांशी काही संबंध नाही.

मूर्तीबद्दलची कथा अशी. औरंगजेबाच्या काळात मूर्तिभंजनाच्या भीतीने बालाजीची आणि इतर देवांच्या मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या गेल्या. पुढे ही जागा सगळेच विसरले. मग १७६० च्या सुमारास एका घोडेस्वाराच्या काठीच्या टोकाने माती सहज खरवडली गेली आणि खाली दगडाचा कोरीव भाग दिसला. खोदल्यावर बालाजीसोबत इतरही मूर्ती निघाल्या. जुन्या अकोला जिल्हा गॅझेटियरमध्ये ही कथा नोंदवलेली आहे. आता तुम्ही म्हणाल, वाशिमची गोष्ट अकोल्याच्या पुस्तकात कशी? तर वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी हा भाग अकोल्यात होता. कथा आख्यायिकेसारखी आहे, ती तशीच वाचावी. काळ्या पाषाणातली मूर्ती मात्र देखणी आहे, यात वाद नाही.

राहता राहिलं मंदिर. त्याच्या खांबावर शके १७०० कोरलेलं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १७७८. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होऊन पुढच्या मार्चपर्यंत चालतं, म्हणून १७७९ लिहिलं तरी ते चूक नाही. थोडक्यात, मंदिराची इमारत साधारण अडीचशे वर्षांची आहे. देवस्थान हजार वर्षांचं असल्याचा मेसेज आला, तर आधी हा शक आठवा.

पटवाऱ्याचा मदतनीस ते दिवाण

हे मंदिर बांधलं भवानी काळू यांनी. ते कुठल्या राजघराण्यातले नव्हते. सुरुवात केली ती पटवाऱ्याचा मदतनीस म्हणून. सारा किती बसला, किती वसूल झाला, बाकी कुणाकडे आहे, हे कागद सांभाळणारा माणूस. तिथून ते नागपूरकर भोसल्यांपैकी साबाजी भोसले यांचे दिवाण झाले आणि निजामाच्या दरबारीही त्यांनी दिवाणगिरी केली.

एकाच माणसाने दोन सरकारांची चाकरी कशी केली? तर त्या काळी वऱ्हाडात दोअमली होती. म्हणजे त्याच मुलखातून निजामही महसूल घ्यायचा आणि भोसलेही. दोघांचे अंमलदार शेजारी शेजारी बसायचे. (शेतकऱ्याचं काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.) अशा ठिकाणी ज्याला दोन्हीकडचा हिशेब कळतो, त्याची किंमत वाढणारच.

पण मंदिर पूर्ण होण्याआधीची वर्षं सोपी नव्हती. १७७२ मध्ये जानोजी भोसले वारले. त्यांना स्वतःचा मुलगा नव्हता. भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघुजी याला दत्तक घ्यायचं ठरलं होतं, पण दुसरे भाऊ साबाजी यांनी नागपूरच्या गादीवर दावा सांगितला. भावाभावांत लढाई जुंपली. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळ पाचगावला शेवटची गाठ पडली. साबाजींच्या फौजेने मुधोजींना घेरलं होतं, जिंकल्यातच जमा होतं. साबाजी हत्तीवरून थेट भावासमोर गेले आणि मुधोजींनी गोळी झाडली. साबाजी तिथेच संपले.

म्हणजे भवानी काळूंचा धनी गेला १७७५ मध्ये आणि खांबावर शक कोरला गेला तो त्यानंतर तीनेक वर्षांनी. धनी पडला की त्याच्या कारभाऱ्याचंही नशीब फिरायचं, असा तो जमाना. तरीही हे काम तडीला गेलं. मला तरी या मंदिराच्या इतिहासातली हीच बाजू सगळ्यात विशेष वाटते, मूर्ती सापडण्याच्या कथेपेक्षाही.

आणि कामही हात राखून केलेलं नाही. घडीव दगडांची फरसबंदी असलेलं प्रशस्त अंगण, भिंतींना लागून ओवऱ्या, आणि देवतलाव म्हणून ओळखला जाणारा चौकोनी तलाव.

पुढे १८०३ मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातला वाटा सुटला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. राज्यं बदलत गेली, बालाजीची पूजाअर्चा चालू राहिली.

मंदिराचा मोठा उत्सव आश्विनात असतो आणि तेव्हा गर्दीही तशीच असते. खांबावरचा शक निवांत बघायचा असेल, तर ते दिवस सोडून गेलेलं बरं.