शिवलेले गुडघे

बैलबाजारात जाणत्या शेतकऱ्याला पाहावे. बैलाच्या रंगवलेल्या शिंगांकडे आणि गळ्यातल्या घुंगरमाळेकडे तो ढुंकूनही पाहत नाही. आधी जबडा उघडून दात बघतो, मग पायांपाशी वाकतो, खुरांवरून हात फिरवतो आणि मालकाला म्हणतो, ‘जरा दहा पावले चालवून दाखव.’ अमेरिकेत एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांचा असाच एक बाजार दर वर्षी भरतो. त्याला तिकडे ‘कम्बाइन’ म्हणतात, आणि १९८७ सालापासून तो इंडियानापोलिस शहरात भरत आला आहे. उपमा कोणाला रासवट वाटेल, पण ती मी मागे घेणार नाही. एकाच मुलाचा एकच गुडघा निरनिराळ्या क्लबांचे डॉक्टर तिथे पाळीपाळीने ओढून आणि वाकवून पाहतात. हा मेळावा १९८२ मध्ये सुरू झाला तोच मुळी वैद्यकीय तपासणी एका जागी उरकावी या हेतूने. मुलगा किती वेगाने धावतो हे पाहणे नंतर थोर झाले.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, हे आधीच सांगतो. यात चेंडू लांबुळका असतो आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. त्यातला ‘रनिंग बॅक’ म्हणजे चेंडू काखोटीला मारून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी. पाच-सहा धिप्पाड माणसे त्याच्या अंगावर कोसळतात. तो उठतो आणि पुन्हा घुसतो. त्याची सारी मिळकत गुडघ्यांवर, आणि सारी भीतीही तिथेच.

असे गडी क्लबांनी वाटून कसे घ्यायचे? आपल्याकडे क्रिकेटपटूंचा लिलाव होतो. ज्याची थैली मोठी त्याचा खेळाडू. अमेरिकनांनी दुसरी रीत काढली. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ सारखा हरत असे आणि चांगली मुले श्रीमंत क्लबांकडे जात. त्यांनी १९३५ मध्ये सुचवले की, गेल्या हंगामात जो सर्वांत खाली, त्याने नव्या मुलांतून सर्वांत आधी निवड करावी. यालाच ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये झाला. मौज अशी की, त्यात सर्वांत पहिले नाव पुकारले गेले त्या जे बर्वँगरने व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पैशाचे जमेना, तेव्हा त्याने फोम रबर विकणे पत्करले! म्हणजे पहिल्याच मुहूर्ताला माशी शिंकली. आज ३२ क्लब सात फेऱ्यांत निवड करतात. एका नंबराला एकच मुलगा मिळतो. तो फुकट गेला तर त्या वर्षीचे ते बियाणे गेलेच म्हणायचे.

गुडघ्याची धास्ती उगीच नव्हती. शिकागो बेअर्सच्या गेल सेयर्सचा उजवा गुडघा १९६८ मध्ये मोडला. पुढच्याच हंगामात तो धावण्यात सगळ्यांच्या पुढे राहिला, पण १९७० मध्ये डावा गुडघा गेला आणि एकूण ६८ सामन्यांत त्याचा खेळ आटोपला. मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटला, की तो सहसा आपोआप सांधत नाही. आता शरीरातलाच दुसरा पट्टा काढून तिथे बसवतात. तो जीव धरायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि धरला तरी पुढे सांधा झिजणार नाही याची हमी कोणी देत नाही.

आता माझ्या गोष्टीकडे येतो. मायामी विद्यापीठात २००१ साली फ्रँक गोर नावाचा मुलगा दाखल झाला. वस्ती कोकोनट ग्रोव्हची, घर गरिबीचे. आई मूत्रपिंडाच्या विकाराने पुढे डायलिसिसवर. अक्षरओळखीशीही त्याचे भांडणच होते. ‘डिस्लेक्सिया’मुळे वाचन त्याला जड जाई. (वर्गात असा मुलगा मागल्या बाकावर बसतो आणि आम्ही मास्तर लोक त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.) पहिल्याच वर्षी त्याने अशी चमक दाखवली की, पुढच्या साली जागा त्याचीच. पण २००२ च्या वसंतात सरावात उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. जागा विलिस मगेहीला मिळाली, आणि मगेहीने तिचे सोने केले.

मगेहीला मात्र ३ जानेवारी २००३ ची रात्र आडवी आली. ओहायो स्टेटविरुद्ध राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना चालू असता त्याचा डावा गुडघा उलटा वळला आणि तीन अस्थिबंध तुटले. चार महिन्यांनी ड्राफ्ट होता. त्याच्या नावावर फुली पडली असे सारे धरून चालले असता बफेलो बिल्सने त्याला पहिल्या फेरीत, २३ व्या नंबरावर उचलले. पहिले वर्षभर त्याला बसवून ठेवले. दुसऱ्या वर्षी तो १,१२८ यार्ड धावला.

इकडे गोर पुन्हा उभा राहिला, आणि २००३ च्या हंगामात डावा गुडघाही तुटला. दोन वर्षांत दोन्ही गुडघे! २००५ च्या ड्राफ्टला तो आला तेव्हा डॉक्टरांच्या कागदांवर काय असेल हे सांगायला नकोच. त्या वर्षी पहिल्या पाच नंबरांतच तीन रनिंग बॅक गेले: रॉनी ब्राउन, सेड्रिक बेन्सन आणि ‘कॅडिलॅक’ विल्यम्स. गोरच्या आधी ६४ नावे पुकारली गेली. ६५ व्या नंबरावर, तिसऱ्या फेरीच्या आरंभी, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी त्याला घेतले. आदल्या हंगामात सोळापैकी चौदा सामने हरलेला तो संघ.

ज्यांनी त्याला सोडले ते मूर्ख होते का? असे म्हणण्याची आज चढाओढ लागते, पण मला ते पटत नाही. त्यांच्या हातात दोन शिवलेले गुडघे होते आणि पुढची सोळा वर्षे कोणाच्याच हातात नव्हती. फोर्टीनाइनर्सनी तरी कुठे त्याला पहिल्या नंबरावर घेतले? खरा प्रश्न घ्यावा की न घ्यावा हा नसतोच. कितव्या नंबरावर घ्यावा, हा असतो. पाचव्या नंबराचा गडी निकामी झाला तर क्लबाचे नाक कापले जाते. पासष्टावा झाला तर कोणी हळहळतही नाही.

पहिल्या हंगामानंतर गोरच्या दोन्ही खांद्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. मग २००६ मध्ये तो १,६९५ यार्ड धावला. त्या क्लबात तोवर कोणी एका हंगामात इतके धावले नव्हते. आणि धडधाकट गुडघ्यांच्या कॅडिलॅक विल्यम्सचे काय झाले? पहिल्या वर्षी त्याचा गौरव झाला; पुढे २००७ मध्ये एका गुडघ्याचा आणि २००८ मध्ये दुसऱ्या गुडघ्याचा वाटीखालचा पट्टा तुटला. डॉक्टरांनी तपासला तो गुडघा ठीकच होता. जो अजून तुटलाच नव्हता त्याचा फोटो कोणते यंत्र काढणार?

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे. म्हणूनच दुसरी सांगितली पाहिजे.

दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाचा मार्कस लॅटिमोर २०१० मध्ये पहिल्याच वर्षी १,१९७ यार्ड धावला. तेव्हाच तो व्यावसायिक क्लबात गेला असता तर? जाता येत नव्हते. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याखेरीज ड्राफ्टचे दार उघडत नाही असा नियम आहे. या नियमाला २००३ मध्ये मॉरिस क्लॅरेटने कोर्टात आव्हान दिले होते. मगेहीचा गुडघा मोडला त्याच रात्री मायामीविरुद्ध विजयी धाव घेणारा हा मुलगा. खालच्या कोर्टात तो जिंकला आणि वरच्या कोर्टात हरला. तेव्हा ही मुले विद्यापीठासाठी खेळत, लाखभर प्रेक्षक तिकिटे काढून येत, आणि मुलांना मिळे शिष्यवृत्ती. आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा त्यांना २०२१ मध्ये मिळाली. म्हणजे गुडघा मोडायचा बिनपगारी चाकरीत, आणि त्याची किंमत कापायची पगारी चाकरीच्या दारात. क्लब पणाला लावतो तो एक नंबर. मुलगा लावतो पाय. या हिशेबाविषयी कम्बाइनमध्ये कोणी अवाक्षर काढत नाही, याचा मला राग येतो.

लॅटिमोरचा डावा गुडघा २०११ मध्ये गेला. तो परत आला. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी टेनेसीविरुद्ध खेळताना उजवा गुडघा निखळला. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. तो जमिनीवर पडला असता दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात उतरून त्याच्याभोवती जमले.

२०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १३१ व्या नंबरावर, त्याचे नाव पुकारले गेले. पुकारणारा क्लब कोणता? फोर्टीनाइनर्सच! त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत त्यांनी कार्नेलियस कॅरेडाइन हा आणखी एक तुटल्या गुडघ्याचा गडी घेतला होता. घरात गोरचे उदाहरण रोज डोळ्यांपुढे धावत असताना मोह कोणाला होणार नाही? संघ तेव्हा बळकट होता; त्याला थांबणे परवडत होते. लॅटिमोरला पहिले संपूर्ण वर्ष मैदानावर उतरवले नाही. दुसऱ्या वर्षी त्याने सराव करून पाहिला. गुडघा ऐकेना. नोव्हेंबर २०१४ मध्ये, एकही सामना न खेळता, वयाच्या तेविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला.

क्लबाने दोन्ही वेळा तीच गोष्ट केली: नंबर खाली येऊ दिला, मुलगा घेतला, वाट पाहिली. पहिल्या वेळी लोक त्याला दूरदृष्टी म्हणाले, दुसऱ्या वेळी हेका. लॅटिमोरची मेहनत गोरहून कमी होती असे कोणी म्हणेल तर ते मी ऐकून घेणार नाही. एकाच्या गुडघ्यात नवा पट्टा रुजला, दुसऱ्याच्या रुजला नाही. कलमे लावणाऱ्याला यात नवल वाटू नये.

लॅटिमोर निवृत्त झाला त्या हंगामात एकतीस वर्षांचा गोर १,१०६ यार्ड धावला. पुढे तो चार क्लब फिरला आणि २०२० च्या हंगामानंतर थांबला तेव्हा आकडा भरला होता बरोबर १६,०००. त्याच्या पुढे दोघेच: एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन. लॅटिमोर २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठात परतला. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना खेळाबाहेरच्या आयुष्यासाठी तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि ते त्याने दोन वर्षे केले.