वाघाला खालून वाट: पेंचच्या हायवेची गोष्ट

नागपूरहून जबलपूरला कधी गाडीने गेलाय का? मनसर मागे पडलं की थोड्या वेळाने जंगल लागतं आणि रस्ता मध्येच खांबांवर चढतो. खाली मोठी नदी नाही, रेल्वे नाही. मग एवढे लांब पूल कशाला? आजची गोष्ट त्याच पुलांची.

हा जुना एनएच ७, आताचा ४४. तो पेंचच्या जंगलाला खेटून जातो. पेंच, कान्हा, नवेगाव-नागझिरा या जंगलांमध्ये वाघांची ये-जा असते, आणि त्यांची वाट इथे आपल्या रस्त्याला आडवी येते. वयात आलेल्या वाघाला स्वतःचा इलाखा शोधायला बाहेर पडावंच लागतं. वाट तुटली की जंगलाचं बेट होतं.

म्हणून चौपदरीकरणाला विरोध झाला. परवानग्या, कोर्टकचेऱ्या, यात वर्षं गेली. तोवर रस्त्याची पार चाळण झाली. शेवटी २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या दुर्दशेची स्वतःहून दखल घेतली. खरं सांगू? दोन्ही बाजू बरोबर होत्या. खड्ड्यांतून जाणाऱ्या माणसाचा जीवही जीवच ना!

तोडगा निघाला तो असा: जनावरं खालून, गाड्या वरून. महाराष्ट्रातल्या टप्प्यात अशा नऊ वाटा झाल्या. सर्वांत छोटी सुमारे ५० मीटर, सर्वांत मोठी ७५० मीटर.

पण वाघाला कोण सांगणार, की बाबा रे, खालून जा? भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबरमध्ये १८ जातींच्या वन्यप्राण्यांचे ५,४५० फोटो मिळाले. चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे, सगळे. आणि ११ वाघ, तब्बल ८९ वेळा!

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अनुभव नेहमीचा आहे: गरज पहिल्या दिवशी लिहिली नाही, की नंतर ती दामदुप्पट वसूल होते. इथे वाघाचं नाव नकाशात उशिरा आलं, आणि त्याची किंमत वेळेत मोजावी लागली.

अजून एक. पुलाखालची वाट मोकळी असून भागत नाही. दोन्ही टोकांना उद्या प्लॉट पडले, कुंपणं आली, तर वाघ निघणार कुठून आणि पोचणार कुठे? तिकडून पुढच्या वेळी जाल तेव्हा पुलावरून जाताना आजूबाजूलाही बघा. आणि काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!