खाजगी महाविद्यालयीन अध्यापकांचा मोबदला आणि कार्यसमाधान : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : मोबदला वाढला की कार्यसमाधान वाढते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धांतानुसार मात्र वेतन व सेवासुरक्षा केवळ असमाधान टाळतात. समाधान हे कामातील यश, मान्यता व जबाबदारी यांतून लाभते. प्रस्तुत लेखात या विचाराच्या आधारे ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराचा आढावा घेतला आहे.

विवेचन : या परिसरातील उच्च शिक्षणाचा पाया प्रामुख्याने खाजगी संस्थांनी घातला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये महाविद्यालय सुरू केले. १९७२ मध्ये कल्याण येथे बिर्ला महाविद्यालय स्थापन झाले. अनुदानित महाविद्यालयांत व्यवस्थापन खाजगी, तर वेतन शासकीय अनुदानातून, अशी रचना रूढ झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेण्यांमुळे संस्था कोणतीही असली तरी समान पदास समान वेतन, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई विद्यापीठात स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम वाढले आणि या समानतेस तडा गेला. एकाच अध्यापक कक्षात पूर्ण वेतनश्रेणीतील, ठोक मानधनावरील आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक बसू लागले. १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारली गेल्याने कायम अध्यापकांतही दोन वर्ग पडले. जे. स्टेसी ॲडम्स यांच्या १९६३ च्या समन्याय सिद्धांतानुसार व्यक्ती आपल्या मोबदल्याची तुलना सहकाऱ्याच्या मोबदल्याशी करते. येथे ही तुलना रोजचीच झाली.

फेब्रुवारी ते मे २०१३ या काळात राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षाकार्यावर टाकलेल्या बहिष्कारात सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीबरोबरच नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्नही होता. २०२४ मध्ये डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयाच्या विनाअनुदानित होण्याच्या प्रश्नावर आंदोलन झाले. तेथे वादाचा विषय वेतनवाढ नव्हे, तर अनुदानाचे संरक्षण हा होता.

निष्कर्ष : आदर्श शिक्षक पुरस्कार, सत्कार व प्रशस्तिपत्रे यांचे मोल आहेच, परंतु ज्याची पुढील वर्षाची नियुक्तीच अनिश्चित आहे, त्याचे समाधान शालश्रीफळाने होत नाही. मान्यता ही प्रेरक ठरावयाची, तर आधी सेवेची शाश्वती व समान कामास समान वेतन हवे. पुरस्कार हा न्यायाला पूरक असतो, पर्याय नव्हे.