लेंगी आणि तीज : तांडा हलला, फेर मोडला नाही

सिरसाळा (ता. परळी) : लेंगी म्हणजे होळीच्या दिवसांत बंजारा समाज फेर धरून म्हणतो ते गाणं आणि त्यावरचा नाच. तीज हा श्रावणातला सण. त्यात तांड्यावरच्या कुमारिका गहू पेरतात आणि त्या दुरड्यांभोवती रोज फेर धरून नाचतात. बीड जिल्ह्यातले कितीतरी तांडे वर्षातले सहा महिने ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर असतात. तरीही हे दोन्ही नाच चालू आहेत. ते कसे टिकले, त्याची ही माहिती.

बैल गेले, रस्ता गेला

बंजारा म्हणजे मूळचा वाहतूकदार समाज. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे मुलूखभर फिरायचे. या धंद्याला लदेणी म्हणतात. मोगलांच्या फौजांनाही तांडेच धान्य पुरवत. पुढे पक्के रस्ते झाले, रेल्वे आली आणि लदेणी बसली. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे वेगवेगळ्या भागांतले बंजारा-लमाण तांडेही त्यात ओढले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत मोडतो.

बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये त्या राज्याची वाटणी झाली आणि एकाच समाजाची माणसं तीन राज्यांत गेली. आज तेलंगणात ते अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तर आपल्याकडे विमुक्त जातीत आहेत. कागद तीन प्रकारचे झाले, पण गोरबोली आणि होळीची लेंगी तिन्हीकडे राहिली.

होळी कारखान्यावर

१९७२ च्या दुष्काळानंतर बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढली. यात सगळ्याच जातींची माणसं आहेत, तांडेही आहेत. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपी टाकून राहायचं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात.

माघ पौर्णिमेला, म्हणजे दांडी पुनमेला, लेंगी सुरू होते आणि होळीपर्यंत रंगत जाते. हे दिवस नेमके हंगामातले. १५ फेब्रुवारीची संत सेवालाल महाराजांची जयंतीही हंगामातच येते. लेंगीला मंडप लागत नाही, पेटी-तबला लागत नाही. डफडं असलं तर उत्तम, नसलं तर जेवणाची थाळी वाजवली तरी चालतं. बाया एकीकडे, गडी दुसरीकडे. पुढे वाकून टाळी, दोन पावलं आत, दोन बाहेर. ज्या नाचाला ओझं नाही तो टायरगाडीत बसून कुठंही जातो.

तांड्यावर होळी पहाटे पेटवतात. वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा धुंड हा विधीही होळीतच होतो. त्यासाठी तरुणांमधून गेरिया निवडतात. म्हणजे होळीचा नाच नुसती करमणूक नाही. नव्या लेकराला तांड्यात सामील करून घेण्याचं काम त्यातून होतं.

तीज मात्र घरीच

तीज श्रावणात येते. तेव्हा कोयते परत आलेले असतात आणि सोयाबीन-कापसाची खुरपणी उरकत आलेली असते. साधारण राखी पौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत तीज चालते. आधी नायकाची परवानगी घ्यायची. मग बांबूच्या दुरड्यांत माती आणि शेणखत भरून गहू पेरायचे. पोरी रोज त्याला पाणी घालतात आणि रात्री फेर धरतात. शेवटच्या दिवशी गव्हाचे पिवळसर कोंब नायकाला, कारभाऱ्याला, भावांना देतात आणि उरलेले पाण्यात सोडतात. सोडताना पोरी रडतात, कारण पुढच्या तीजेला आपण माहेरी असू की नाही, हे कुणालाच माहीत नसतं.

वर्षातून एकदा सगळा तांडा एका जागी बसतो तो असा. रुसवे-फुगवे मिटतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, लहान पोरी मोठ्यांच्या मागं उभ्या राहून पावलं शिकतात. फेटिया, काचळी, आरशाचं भरतकाम हेही याच दिवसांत पेटीतून बाहेर येतं.

भाषेची शाळा

गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. शाळा मराठीत आणि घरात हळूहळू मराठीच. अशा वेळी जुने शब्द, नात्यांची नावं, लदेणीच्या आठवणी गाण्यातच शिल्लक राहतात. फेरात उभी राहिलेली पोर पाठ न करताच ते शिकते. गाणारी म्हातारी याडी गेली, की तिच्याबरोबर तिची गाणीही जातात.

धोका कुठं आहे?

पहिला धोका डीजेचा. डीजे लागला की फेर मोडतो आणि जो तो आपापला नाचतो. दुसरा, स्टेजचा. वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. तिथं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संग्रहालयात पोशाख आणि नगारा जपता येतो, पण तीज रुजते ती तांड्यावरच.

तिसरा धोका सगळ्यात मोठा. तीजेची दुरडी कुमारिकेची असते. पोर आई-बापाबरोबर तोडीला गेली, कोपीवर लहान भावंडं सांभाळत बसली, शाळा सुटली, आणि काळजीपोटी पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, की दुरडीही तिच्या हातून लवकर सुटते. मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने १८ आहे. बालविवाहाची खबर १०९८ या मोफत क्रमांकावर देता येते. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तिथं निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे नाव नोंदवलं, तर लेकरू गावातच शाळेत राहू शकतं.

मोबाईलचा उपयोग

येत्या तीजेला अर्ध्या मिनिटाचं रील करण्याऐवजी जाणत्या बाईकडून एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून घ्यावं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिला विचारून तिचं नाव, तांडा आणि तारीख बोलावी. अवघड शब्दांचा अर्थ तिच्याकडूनच वदवून घ्यावा. रेकॉर्डिंग तांड्यावरच्या दोन-तीन मोबाईलमध्ये ठेवावं, म्हणजे एक फोन बिघडला तरी गाणं जाणार नाही. हंगामाला निघताना ते सोबत असलं, तर फडावर होळीच्या रात्री नव्या पोरींना ऐकून म्हणता येईल.