सा तोच, जमीन वेगळी

कुर्ला पश्चिमेला, बीकेसीच्या शेअर रिक्षांच्या रांगेत तुमच्या मुठीतली नाणी अचानक जड लागतात. मूठ उघडता, तर आण्यांत मिसळलेले नवे पैसे. एप्रिलातच निघालेत ते, म्हणजे साल १९५७. महिना डिसेंबर, कारण होली क्रॉस चर्चच्या वाटेवर दारोदारी कागदी चांदण्या टांगल्यात. रिक्षाही नाहीत, रांगही नाही.

ओट्यावर मास्तर बसलेत. मांडीवर ट्रम्पेट, पुढ्यात पेटी. दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलातला बँड. तुम्ही ख्याल शिकताय, पण 'आशा' सिनेमातलं, संगीतकार चितळकरांचं 'ईना मीना डीका' ऐकल्यापासून घसा वेगळंच काही मागतोय.

"चितळकरांचं गाणं झकासच," मास्तर म्हणतात, "पण त्यातला आमचा सूर न् सूर कागदावर असतो, बाय. तुला बिनकागदाचं हवंय."

स्वदेशी मिलचा भोंगा होतो. "तोच सा धर."

तुम्ही सा लावता. मास्तर पेटीवर सा, ग, प आणि कोमल नी एकदम दाबतात. छान बसतं. तुम्ही ऐटीत शुद्ध ग वर जाऊन थांबता, तेवढ्यात त्यांची बोटं म, ध, सा आणि कोमल ग वर गेलेली. दातांखाली खडा यावा तसा तुमचा ग लागतो. तंबोऱ्यानं इतकी वर्षं पायाखाली एकच जमीन दिली. इथे सा तोच, पण खालची जमीन सरकली.

"ब्लूज म्हणजे बारा खोल्यांचं घर, एक खोली म्हणजे एक बार. पहिल्या चार सा च्या, दोन म च्या, परत दोन सा च्या. मग एक प ची, एक म ची, शेवटच्या दोन सा च्या. कुठल्या खोलीत आहेस ते विसरलीस की संपलं."

पहिला अर्धा तास तानबिन बंद. प्रत्येक खोलीत फक्त तिचा मूळ स्वर. मग फक्त तिसरा: सा च्या खोलीत ग, म च्या खोलीत ध, प च्या खोलीत शुद्ध नी. सा वर परतलात की नी पुन्हा कोमल. "खमाज गातेस ना? मग दोन्ही नी तुझ्या घरचेच."

आकाशवाणीनं १९४० पासून पेटीला दार बंद केलंय; तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. तक्रार खरीच आहे. पण हा धडा तंबोऱ्यावर द्यायचा कसा, हे नभोवाणीमंत्री केसकरसाहेबांनी या ओट्यावर येऊन दाखवावं.

आता शब्दांशिवाय. तोंडातून आपोआप 'तोम तनन' निघतं आणि मास्तर खूश. "तराणाच की! लुई आर्मस्ट्राँगनं १९२६ साली 'हीबी जीबीज' गाण्यात असंच केलं. शब्दांचा कागद हातून पडला म्हणून, असं सांगतात. मला पटत नाही."

चार बार ट्रम्पेट, चार बार तुम्ही. तुम्ही चारही बार तानेनं ठासून भरता आणि समेवर दणकन उतरता. मास्तर मान हलवतात. "सम पहिल्यावर असू दे, टाळी दुसऱ्या-चौथ्यावर दे. आणि श्वास घे. मला फुंकायला लागतो, तुलाही लागू दे."

पुन्हा. नवव्या खोलीत तुम्ही काहीच गात नाही. एक मात्रा जाते, दुसरी जाते. मग हळूच, उशिरानं, शुद्ध नी.

पेटी थांबते. मास्तर ट्रम्पेट ओठांना लावतात. "आता माझे चार."